बाहेरचा डिले

चौदा डिसेंबर, रविवार. गच्चीवर रखिया बडी घालायचं काम काढलं होतं. रखिया म्हणजे आपला कोहळा. तो किसायचा, पिळायचा, फेटलेल्या उडदाच्या वाटणात कालवायचा आणि धुतलेल्या जुन्या साडीवर त्याचे लहान गोळे ओळीनं टाकायचे. वाळले की वर्षभर भाजीला. भंडाऱ्याकडे आमच्या माहेरी हे असं करत नाहीत. लग्न होऊन छत्तीसगडात, भिलाईत आल्यावर मी शेजारणींकडून शिकले आणि आता त्यांच्याहून बऱ्या घालते, असं त्यांच्यापैकी एकीनं फार कष्टानं कबूल केलं आहे.

गच्चीवरून आमच्या कोहक्याच्या गल्लीचा सरळ तुकडा दिसतो आणि पुढे सुपेल्याकडे वळणारा रस्ता. हात डाळीत बुडालेले असताना मला त्या रस्त्यावर माझे सासरे दिसले. फिरायला निघाले होते. फिरायला हा शब्द तसा कमी पडतो. ते संशोधनाला निघाले होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींनी सगळी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या एका रोलिंग मिलमध्ये काढली. रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून कोहक्यात घर बांधलं आणि पाच-सहा वर्षं ठणठणीत चालले. मग उजव्या पोटरीत गोळा येऊ लागला. थोडं चाललं की पोटरी आवळायची, उभं राहिलं की मोकळी व्हायची. त्यांनी तेल लावलं, गरम पट्टा गुंडाळला, चप्पल बदलली. शेवटी मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जननं दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दोन्हीकडचा दाब मोजला आणि सांगितलं, की दोष पोटरीत नाहीच. मांडीतली नस आतून चुन्यासारखी जमून अरुंद झाली आहे. चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं, तेवढं खाली पोचत नाही, म्हणून दुखतं.

"पाइपलाईन जाम हाय म्हणते," मामाजींनी घरी येऊन जाहीर केलं. हे त्यांना फार पटलं होतं. पाइपलाईन जाम होण्यात माणसाचा काही दोष नसतो.

त्याच हॉस्पिटलात एक अभ्यास चालला होता. अशा पेशंटपैकी काहींची नस लगेच फुगा घालून उघडायची, काहींना आधी काही महिने रीतसर चालायला लावायचं, आणि आपल्याकडच्या माणसांना कशानं किती फरक पडतो ते पाहायचं. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. मामाजी चालणाऱ्यांत आले.

"माही ड्यूटी चालाची लागली," ते म्हणाले. रोस्टर लागल्यावर माणूस म्हणतो तसं.

डॉक्टरांनी संमतीचा कागद हिंदीत वाचून दाखवायला घेतला. त्यांचा दुसरा परिच्छेद व्हायच्या आत मामाजींनी सही केली होती. मग विचारलं, "साहब, टार्गेट कितना है?"

"कोई टार्गेट नहीं, दादाजी. सपाट, खुली जगह में चलिए. दर्द आए तो रुकिए, जाए तो फिर चलिए. कहाँ रुके, क्यों रुके, वही हमें जानना है."

मामाजींनी मान हलवली. मी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवते. ऐकून घेतल्याची मान आणि ऐकून सोडून दिल्याची मान यांतला फरक ओळखण्याचाच मला पगार मिळतो. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं होतं आणि मामाजींनी "कभी नहीं" असं छातीठोक सांगितलं होतं.

"गुडाखू?" मी म्हटलं. गुळात मळलेली तंबाखूची काळी पेस्ट. इकडे निम्मं गाव सकाळी तिच्यानं दात घासतं आणि मग दिवसभर दात पुन्हा पुन्हा घासावेसे वाटतात.

"ते त दातासाठी हाय," मामाजी मराठीत माझ्यावर डाफरले.

डॉक्टरांना मराठी येत नसावं, पण गुडाखू कळलं. डबी त्याच दिवशी घरातून गेली. आम्ही निघताना डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली: झोपेत पाय दुखायला लागला, रंग बदलला किंवा पायाला कसलीही जखम झाली, तर अभ्यास-बिभ्यास विसरायचा आणि त्याच दिवशी यायचं. खाली रक्तच पोचत नसेल तर साधं खरचटलेलंही भरत नाही, आणि मग पाय वाचवणं अवघड होतं. या वेळी मान मी हलवली.

दर रविवारी त्या अभ्यासावर काम करणाऱ्या एका मुलीचा फोन यायचा. गोड आवाज, स्वच्छ हिंदी. मामाजी फोन स्पीकरवर टाकून अंगणात बसायचे, म्हणजे शेजाऱ्यांनाही प्रगती कळे. आणि प्रगती होती! पहिल्या महिन्यात ते तीनदा थांबत होते. मग दोनदा. मग एकदा. दिवाळीच्या सुमारास ते सुपेल्यापर्यंत जाऊन विनाथांबा परत येऊ लागले. फोनवरची मुलगी "वाह, दादाजी!" म्हणायची. नंतर कळलं की डॉक्टर त्यांना आपसांत चॅम्पियन म्हणतात. मग पुढचा फोन आला: चौदा तारखेनंतरच्या सोमवारी बाहेरगावचे सर्जन अभ्यास बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोर कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायला मामाजींना बोलावलं होतं. तपासणीही त्याच वेळी होणार होती.

त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. रिटायरमेंटच्या समारंभाला घातला होता तोच.

आत्याबाईंचं मत वेगळं होतं. त्यांना काही मोजता येत नव्हतं, पण त्या मामाजींच्या खोलीत झोपत होत्या. "काय चॅम्पियन हाय माय! झोपीत एक पाय बाजीच्या खाली लोंबते. म्या उचलून वर ठेवला त माह्यावर भडकले."

"गरम होते मले," मामाजी म्हणाले. डिसेंबरात.

शिवाय शेजारणीनं एक बातमी आणली होती. मामाजी रोज सुपेल्याच्या बाजारात साड्यांच्या एका दुकानासमोर बराच वेळ उभे असतात. आत जात नाहीत. नुसते काचेतल्या बाहुल्यांकडे बघतात.

"या वयात?" आत्याबाई म्हणाल्या. "मले लगनात एक लुगडं पसंत करून नाही आणलं या माणसानं."

आम्ही हसलो. मामाजीसुद्धा हसले, आणि ते मला खटकायला हवं होतं की नव्हतं यावर मी वेळ घालवत नाही.

तर रविवारी सकाळी मी गच्चीवरून बघत होते. मामाजी फाटकाबाहेर पडले, पांढरे कॅन्व्हासचे बूट, लोकरीचे मोजे, कानटोपी. विजेच्या खांबापाशी थांबले. खांबावर कोचिंग क्लासची जाहिरात होती. ती वाचू लागले. जाहिरात चार ओळींची असेल, पण ते परीक्षेला बसणार असल्यासारखे वाचत होते. मग निघाले. पुढे विहाराकडून येणारे एक गृहस्थ भेटले. जय भीम झाला. आमच्या वस्तीत जय भीम चालता चालता घेत नाहीत, थांबून, हात जोडून घेतात. गृहस्थ घेऊन निघून गेले. मामाजी हात जोडून तिथेच उभे. मग एक कुत्रा. कुत्रा रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला झोपला होता, तरी त्याला वाट देण्यासाठी मामाजी थांबले.

मी डाळीचे हात परातीवर निपटले आणि बघत राहिले. एकदाही ते थांबले आणि कारण नव्हतं, असं झालं नाही. एकदाही कारण पुरेसं होतं, असंही झालं नाही. आणि दर वेळी डाव्या पायावर भार, उजवा नुसता टेकलेला.

ते परत आले आणि थोड्याच वेळात फोन वाजला. मी जिन्यात येऊन थांबले.

"हाँ बेटा. गए थे. सुपेला तक. नहीं नहीं, दर्द से कहाँ रुके. एक बार भी नहीं."

"रात को दर्द? कोई घाव?"

"कुछ नहीं. एकदम फर्स्ट क्लास."

"वाह, दादाजी! कल मिलते हैं."

फोन ठेवल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. "मामाजी, तुमी खांबापाशी कावून थांबले होते?"

"पेपर वाचून राह्यलो होतो. कोचिंगचा."

"आन् कुत्र्यापाशी?"

"कुत्रा आडवा आला."

"कुत्रा झोपला होता. म्या गच्चीवरून पाह्यलं."

ते चिडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक धीर आला. अडाणी माणसाला समजावून सांगताना शिकलेल्याच्या चेहऱ्यावर येतो तो. "मॅडम," ते म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते मला मॅडम म्हणतात. "तुले मिलचं काम नाही माहीत. मिल थांबली का डिले होते. डिले कोणाच्या तरी नावावर टाकाच लागते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, क्रेन. काहीच नाही त बाहेरचा डिले. पॉवर गेली, पानी नाही आलं. ऑपरेशनवाल्यानं, म्हंजे मिल चालवनाऱ्यानं, आपल्या नावावर डिले घ्याचा नसते. म्या कधी नाही घेतला. कुत्र्याचा डिले हा बाहेरचा हाय. जय भीमचा बी बाहेरचा. त्या पोरीनं विचारलं, दर्दनं किती वेळा थांबले? म्या सांगतलं, एक बी नाही. यात खोटं काय हाय?"

मग मला एकेक सुचत गेलं. डॉक्टरांनी सपाट, मोकळ्या जागेत चाला म्हटलं होतं. सुरुवातीला ते खरंच जवळच्या मैदानात जायचे. मैदानात थांबलं तर दोष फक्त पायाचा. म्हणून त्यांनी संशोधन सुपेल्याच्या बाजारात हलवलं. तिथे ठेले, ऑटो, हातगाड्या, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटरसायकली. तिथे वीस वर्षांचा पैलवानसुद्धा न थांबता दहा पावलं जाऊ शकत नाही. सगळा डिले बाहेरचा. आणि जिथे गर्दी अचानक पातळ व्हायची, तिथे साडीचं दुकान होतं.

इतक्या महिन्यांत विज्ञानाला सुपेल्याच्या वाहतुकीबद्दल बरीच माहिती मिळाली होती. मामाजींच्या पायाबद्दल काहीच नाही.

"मोजे काढा," मी म्हटलं.

"थंडी हाय."

"रात्री गरम होते, सकाळी थंडी. मोजे काढा मामाजी."

आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि माझी वाट न बघता उजवा मोजा ओढला. करंगळीभोवती कापूस होता, हळदीनं पिवळा झालेला. कापूस निघाला. खाली मसूरच्या डाळीएवढी जखम, कडा काळ्या. बाकीचं पाऊल फिकट, आणि हात लावला तर फरशीसारखं गार. डावं पाऊल गरम होतं.

आत्याबाईंनी तो कापूस उचलून केरात टाकला.

"कधीचं हाय?"

"बूट चावला. नवा बूट होता." ते जखमेकडे न बघता अंगणाच्या फाटकाकडे बघत होते. "बुटाचं हाय ते. पायाचं नाही."

मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, कपडे बदला, आत्ताच जाऊ. मी फोन केला. मुलीनं उचलला, जखम म्हटल्यावर तिचा आवाज एकदम बदलला. डॉक्टर बाहेरगावच्या पाहुण्यांना घ्यायला रायपूरला गेले होते, रात्री उशिरा परतणार होते. तिनं त्यांना विचारून पाच मिनिटांत परत फोन केला: पाय थंड असला तरी बोटं हलतात का? स्पर्श कळतो का? दोन्हीचं उत्तर हो निघालं. मग घाव स्वच्छ कोरड्या पट्टीनं झाका, शेक देऊ नका, चालवू नका, काही वाढलं तर इमर्जन्सीत या, नाहीतर सकाळी सगळ्यात आधी आणा. तिनं एकदाही वाह म्हटलं नाही.

मामाजी खाटेवर पाय खाली सोडून बसले होते; तसा सोडला की थोडं रक्त उतरतं आणि दुखणं कमी होतं, हे मला आता कळत होतं. "तुनं तिले सांगून देल्लं."

"हो."

"आता कापतीन."

मग ते बाहेर आलं. त्यांच्या मिलमधला एक क्रेनवाला, शुगरचा पेशंट, अंगठ्याची जखम घेऊन दवाखान्यात गेला होता. अंगठा कापला. मग पाऊल. मग गुडघ्याखाली. मामाजी त्याला प्रत्येक वेळी भेटायला गेले होते आणि प्रत्येक वेळी चादरीखाली माणूस कमी झालेला पाहिला होता. तेव्हापासून त्यांच्या लेखी हॉस्पिटल म्हणजे एक अशी जागा, जिथे पाय दाखवला की जातो. चालणाऱ्यांच्या गटात नाव आलं तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो. फक्त टार्गेट देत राहायचं. आकडे चांगले असले की मिलमध्ये कोणी तपासायला येत नाही.

"तो क्रेनवाला किती दिवस घरी हळद लावत बसला होता?" मी विचारलं.

त्यांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विचारून राह्यले मी."

"बरेच."

"मंग?"

"मंग काय मंग," आत्याबाई म्हणाल्या. "पाय कापला त घरी बसतीन. तसे बी घरी बसूनच हायत. पन मेले त मले साडीच्या दुकानात कोन नेईन?"

"म्या तुले कधी नेलं?"

"म्हनूनच म्हनतो."

दुपारी माझा नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला. तोही प्लांटमध्येच आहे. मी पट्टी सोडून त्याला पाय दाखवला. त्यानं वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, तो हा: "बूट कोणत्या कंपनीचा होता?"

मी त्याला जेवायला वाढलं आणि दुसरं काही विचारायची संधी दिली नाही.

संध्याकाळी मामाजी माझ्याकडे आले. म्हणजे त्यांनी हाक मारायची आणि मी जायचं असं ठरलं होतं, पण ते भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत आले. म्हणाले, उद्या बाहेरचे डॉक्टर येऊन राह्यले. एवढं चालून दाखवतो, मग पाय दाखवतो. त्या साहेबाची इज्जत जाईन नाही त. त्यानं माह्यं नाव सांगतलं हाय.

मी कणीक मळत होते. त्यांना म्हटलं, चालायचं नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. शर्ट घालायचा असेल तर घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत कळवून टाकलं, नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि मामाजींना पांढरा शर्ट, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला पट्टी अशा वेषात हॉस्पिटलात नेलं. कॉरिडॉरमध्ये पाहुणे आधीच येऊन उभे होते. जमिनीवर चालण्यासाठी दोन टोकांना खुणा केलेल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी पाहुण्यांकडे पाठ केली आणि ते थेट मामाजींच्या पायाशी उकिडवे बसले. पट्टी सोडली. घोट्यावर जेली लावून पेनसारखं एक यंत्र टेकवलं. डाव्या पायाला त्यातून सपसप असा रक्ताचा आवाज आला, कोणीतरी ओल्या अंगणात झाडू मारत असल्यासारखा. उजव्याला फार वेळ काहीच नाही. मग खूप लांबून एक बारीक फुसफुस.

पाहुणे सर्जन, जे सकाळपासून माणसांना चालताना बघून जांभया आवरत असावेत, एकदम पुढे सरकले. चार टकली करंगळीवर वाकली. मामाजींच्या यशानं त्यांना जितका आनंद झाला असता, त्याहून हे प्रकरण त्यांना नक्कीच जास्त आवडलं.

"दादाजी," डॉक्टर खालूनच म्हणाले, "आप रुकते थे?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले. उत्तर माझ्याकडून जायचं नव्हतं.

"रुकता था, साहब."

"कितनी बार?"

"हर बार." मग थोडं थांबून, "पाँव की वजह से."

फोनवाली मुलगी डॉक्टरांच्या मागे उभी होती. मी तिला पहिल्यांदाच समोर बघत होते. माझ्या वर्गात शोभेल इतकी लहान दिसत होती. तिनं हातातली फाईल छातीशी धरली आणि काहीच लिहिलं नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आजच अँजिओग्राफी, जांघेतून तार घालून. नस फुग्यानं उघडली तर उत्तम, नाही तर बायपास. करंगळीचं ते काही सांगू शकत नव्हते. पाय वाचवायचा प्रयत्न करणार, आणि अजून वेळ गेलेली नाही असं त्यांना वाटत होतं. शपथ घेणार नाहीत, असंही म्हणाले. मला हे बरं वाटलं. शपथ घेणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

त्यांनी संमतीचा कागद दिला. मी खुर्ची ओढून मामाजींच्या शेजारी बसले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचला. पेन मागायला त्यांनी दोनदा हात पुढे केला. मी दोन्ही वेळा पेन मागे घेतलं आणि पुढची ओळ वाचली.